ओळख ठेवा बरं का!

मराठीत ओळखीची तीन कामं आहेत. ओळख पटते, ओळख देतात आणि ओळख ठेवतात. पहिलं काम डोळ्यांचं. त्यात आपलं कर्तृत्व काही नाही. दुसरं मानेचं. रस्त्यात समोरून कुणी आलं की ती हलवायची की दुकानाच्या पाटीकडे वळवायची, हे ज्याचं त्याने ठरवायचं. तिसरं मात्र कठीण. "ओळख ठेवा बरं का!" असं लग्नघरातून निघताना आपण चपला शोधता शोधता म्हणून जातो. पण ज्याची ओळख ठेवायची, त्याचा चेहराच बदलला तर काय करायचं, हे कुणी सांगत नाही.

माझ्यापुढे हा प्रश्न आणला तो इंग्लंडातल्या एका टेलिव्हिजन मालिकेने. ‘डॉक्टर हू’ तिचं नाव. बीबीसीवर ती १९६३ साली सुरू झाली, १९८९ला बंद पडली आणि २००५पासून पुन्हा सुरू झाली. तिचा नायक स्वतःला डॉक्टर म्हणवतो, पण कुणाची नाडी पाहून दोन गोळ्या दिल्यात असं सहसा घडत नाही. गृहस्थ परग्रहावरचा, वय शेकड्यांत मोजायचं, आणि पोलिसांच्या निळ्या खोक्यात बसून काळाच्या मागे-पुढे हिंडायचं हा उद्योग. खोकं बाहेरून टेलिफोनच्या बूथएवढं आणि आतून वाड्याएवढं. मुंबईकरांनी इथे एक उसासा टाकून पुढे वाचावं.

पहिला डॉक्टर झाला विल्यम हार्टनेल. पंचावन्न वर्षांचा, सिनेमात मुरलेला नट. १९६६पर्यंत त्याची तब्येत ढासळली, संवाद लक्षात राहीनात. मालिका तर जोरात चाललेली. तेव्हा निर्मात्यांनी युक्ती काढली. डॉक्टर मरायला टेकला की मरत नाही, शरीर बदलतो! आपल्याकडे आत्मा जुनी वस्त्रं टाकून नवी घालतो हे गीतेने सांगितलंच होतं. बीबीसीने तोच सिद्धांत नटांच्या करारांना लावला. तेव्हापासून दर काही वर्षांनी नवा नट येतो आणि सगळ्यांनी समजायचं की हा तोच.

४ ऑगस्ट २०१३ रोजी मी लेकीकडे इंग्लंडात होते. मॅट स्मिथ हा तरुण डॉक्टर जाणार होता आणि नवा कोण, हे त्या संध्याकाळी टीव्हीवर थेट जाहीर व्हायचं होतं. निवडणुकीचा निकाल असावा तसं घर टीव्हीपुढे बसलेलं. अखेर एक उंच, हडकुळे, करड्या केसांचे आणि जाड भुवयांचे गृहस्थ बाहेर आले. पीटर कपाल्डी. वय वर्षं पंचावन्न, म्हणजे हार्टनेलएवढंच.

बारा वर्षांच्या माझ्या नातीचा चेहरा पडला.

"आजी, ही इज सो ओल्ड!"

मी त्या गृहस्थांपेक्षा दहा वर्षांनी मोठी. पोर मुळात संस्कारी, म्हणून हे म्हणताना तिने माझ्याकडे पाहायचं टाळलं.

तिच्यासारख्या पुष्कळ पोरींना तो धक्का बसला होता. एवढा म्हातारा? आणि दिसायला हा असा? उलट जुन्या चाहत्यांना आनंद झाला. चला, शेवटी वयाला शोभेलसा डॉक्टर मिळाला! गंमत अशी की २००९ साली सव्वीस वर्षांच्या मॅट स्मिथचं नाव जाहीर झालं, तेव्हा "हा काल परवाचा पोर काय डॉक्टर होणार?" अशी कुरकुर झाली होती. आमच्याकडे स्थळं बघताना अशीच गत असते. मुलगा एकतर पोरगेला दिसतो नाहीतर थोराड. बरोब्बर वयाचा मुलगा अजून कुणाच्या मावशीला सापडलेला नाही.

बरं, हे कपाल्डी काही बाहेरून आलेले पाहुणे नव्हेत. लहानपणापासून या मालिकेचे भक्त. १९७४ साली, पंधराव्या वर्षी त्यांनी ‘रेडिओ टाइम्स’ला पाठवलेलं मालिकेच्या कौतुकाचं पत्र छापून आलेलं आहे. म्हणजे नाराज पोरींपैकी बहुतेकींचा जन्मही झाला नव्हता, तेव्हा हे चाहते होते. पण चाहत्यांना चाहता नको असतो. त्यांना त्यांचा डॉक्टर हवा असतो, आणि तो नुकताच गेलेला असतो.

मालिका लिहिणाऱ्यांनी ही नाराजी ओळखली आणि पहिल्या भागातच वेशीवर टांगली. तो भाग ऑगस्ट २०१४मध्ये लागला. त्यात डॉक्टरची सहप्रवासी क्लॅरा या नव्या चेहऱ्यापुढे पार बावरलेली असते. सरड्यासारख्या तोंडाची एक बुरखेवाली बाई तिला खडसावते. तिचं म्हणणं असं, की मी बुरखा घेते तो लोकांनी मला आपलं म्हणावं म्हणून, आणि डॉक्टरने तरुण चेहरा घेतला होता तोही त्याचसाठी. म्हणजे आता हा म्हातारा दिसतोय तो बदलला म्हणून नव्हे. आता त्याने तुझ्यापुढे बुरखा काढलाय!

शेवटी क्लॅराला फोन येतो. फोनवर तो जुना, तरुण डॉक्टर. शरीर बदलायच्या आधी त्याने हा फोन केलेला असतो. केस पांढरे झालेत का, हे तो जिवाच्या आकांताने विचारतो (त्या क्षणी मला तो फार जवळचा वाटला), आणि सांगतो की तुझ्यासमोर जो उभा आहे तो तुझ्यापेक्षा जास्त घाबरलाय, त्याला मदत कर. समोरचा म्हातारा हे ऐकत असतो. त्याचं गाऱ्हाणं एवढंच, की तू माझ्याकडे बघतेस, पण मी तुला दिसत नाही.

सगळं बदलल्यावर वस्तू तीच राहते का, या प्रश्नासाठी ग्रीकांनी एक आख्खं जहाज खर्ची घातलं. आमचं विळीवर भागतं. आमच्या आजेसासूबाईंच्या विळीचा पाट दोनदा बदललाय आणि पातं तीनदा. तरी नारळ खवायला बसलं की प्रत्येक जण म्हणतो, "आजेसासूबाईंची विळी आण." ती त्यांचीच कशी, हे लाकडाला विचारून कळणार नाही आणि लोखंडालाही. ती त्यांची आहे, कारण आम्ही ते धरून ठेवलंय.

माझ्या दादाला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मला हे सारं आठवलं. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, बोलणं जड झालं. आत मात्र तो सगळा शाबूत. समाचाराला माणसं येत. दारातच थबकत आणि मग दादासमोर बसून वहिनीला विचारत, "जेवतात का हो नीट? ओळखतात का माणसं?" ओळखत तो सगळ्यांना होता. त्याला कुणी ओळख देत नव्हतं.

अपवाद एका जुन्या सहकाऱ्यांचा. ते दर गुरुवारी यायचे, रमीचा डाव मांडायचे आणि दहा मिनिटांत ओरडायचे, "पानं चोरतोस? सवय गेली नाही म्हणायची!" दादा अर्ध्या तोंडाने शिव्या द्यायचा. वहिनी आतून पदराला डोळे पुसत चहा आणायची. आठवड्यातला तेवढा एक तास तो आजारी माणूस नसे, पानं चोरणारा दादा असे.

आपण तेच आहोत हे सिद्ध करण्याचं ओझं आपण नेहमी बदललेल्या माणसावर टाकतो. तो बिचारा कुठून पुरावा आणणार? चेहरा त्याच्या हातात नाही, आवाज नाही, भुवयाही नाहीत. हातात काही असेल तर ते आपल्या.

२०१७च्या नाताळात कपाल्डींनी मालिका सोडली. त्यांच्या जागी जोडी व्हिटेकर ही बाई येणार होती. नात सोळा वर्षांची झाली होती. तिचा फोन आला तो रडतच. "आजी, माझा डॉक्टर गेला." कोणता गं, तो सो ओल्ड? असं विचारायचं अगदी जिभेवर आलं होतं, पण मुळात मीही संस्कारी.

बाकी विळीचं म्हणाल तर पातं परत बोथट झालंय. आता चौथं बसवायला टाकणार आहे. पाटालाही चीर गेलीय. पण तुम्ही काळजी करू नका, विळी आजेसासूबाईंचीच आहे.