पडद्यामागचे संस्कार



विनोबाजींनी जबलपूरला ‘संस्कारधानी’ म्हटले. याच शहराच्या सराफा बाजारात आज तराजूशेजारी संगणकही असतो. समोर बिलाचा एकच प्रोग्राम दिसतो. पण कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडला, की कितीतरी प्रक्रिया मागे चालू असलेल्या दिसतात. ‘हे सगळे कोणी सुरू केले?’ असा प्रश्न पडतो.

चित्ताचेही असेच आहे. हातात माळ असते, ओठांवर नाम असते आणि मागे कालचा अपमान, उद्याची उधारी, शेजाऱ्याची नवी गाडी हे सारे चालूच असते. या वृत्ती ज्यांतून उठतात, त्यांनाच शास्त्रांनी संस्कार म्हटले आहे.

ही यादी पाहून माणूस दोन चुका करतो. पहिली चूक म्हणजे घाईने सगळेच बंद करणे. विंडोजच्या काही प्रक्रिया जबरदस्तीने थांबवल्या तर संगणकच बंद पडतो. नवा साधकही ‘आजपासून मनात एकही विचार नको’ असे ठरवून बसतो, डोके जड होते आणि आठवड्याभरात आसन गुंडाळले जाते. श्वास आपल्या नकळत चालतो, मुलाबाळांची काळजी मनात असते. त्यांना शत्रू मानायचे नाही.

दुसरी चूक म्हणजे नावावर विश्वास ठेवणे. ‘एसव्हीसीहोस्ट’ नावाच्या अनेक प्रक्रिया एकाच वेळी दिसतात. त्या विंडोजच्या सेवा चालवतात, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र घातक प्रोग्रामही हेच नाव घेऊन लपू शकतो. म्हणून तिची फाइल कोणत्या फोल्डरमध्ये आहे, ते पाहावे लागते. सराफ चकाकीवर भुलत नाही, कसोटीवर कस पाहतो. आपल्यातही लोभ ‘व्यवहार’ या नावाने राहतो आणि राग ‘स्पष्टवक्तेपणा’ या नावाने. तेव्हा स्वतःला विचारावे, हा विचार कुठून उठला? प्रेमातून की अहंकारातून?

मग करायचे काय? टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअपचा विभाग असतो. संगणक चालू होताच आपोआप सुरू होणारे प्रोग्राम तेथे दिसतात. त्यातला एखादा डिसेबल केला तर तो पुसला जात नाही. फक्त आपणहून सुरू होत नाही. साधकासाठी हा मोठा दिलासा आहे. जुना संस्कार एका दिवसात जाणार नाही, पण डोळे उघडताच मोबाइल आणि कालचे भांडण हाती न घेता पाच मिनिटे नामस्मरण करणे आजही आपल्या हातात आहे.

त्याच टास्क मॅनेजरमधल्या तपशिलाच्या यादीत ‘सिस्टम आयडल प्रोसेस’पुढे कधी ९५ असा आकडा दिसतो. नवख्याला वाटते, हीच सगळी शक्ती खात आहे. प्रत्यक्षात प्रोसेसर किती मोकळा आहे, तेच तो आकडा सांगतो. इतर धावपळ कमी झाली की तो आपोआप वाढतो. शांतीही अशीच आहे. ती बाहेरून आणावी लागत नाही.

या सप्ताहात रोज रात्री पाच मिनिटे शांत बसून दिवसभर मनात मागे काय चालले होते, ते पाहूया. स्वतःला दोष न देता, केवळ साक्षीभावाने. आपणा सर्वांना ही दृष्टी लाभो, हीच सद्गुरुचरणी प्रार्थना.