दोन लिफाफे

नांदेडहून देवगिरी एक्सप्रेसनं हैदराबादला, तारनाक्यात मावशीकडे आलेली भाची दोन दिवस धड जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मावशीनं ताट पुढे सरकवून विचारलंच, "काय झालंय गं तुला?" तेव्हा तिनं पिशवीतून एक कागद काढून ताटाशेजारी ठेवला. जीआरई, 340 पैकी 296. इंजिनिअरिंगला 61 टक्के होते, आयईएलटीएस साडेसहा.

"अमीरपेटला सल्लागाराकडे गेले होते. ते म्हणाले, या मार्कांवर जे मिळतंय ते मुकाट्यानं घ्या."

मिळत होतं ते असं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मोठ्या शहरातलं खासगी विद्यापीठ. जीआरईची अट नाही, चार दिवसांत प्रवेशपत्र, आणि 'गुणवत्ता' म्हणून वर्षाला 5,000 डॉलरची सूट. फक्त पंधरा तारखेच्या आत जागा राखायचे पैसे भरायचे. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. घर तारण ठेवलं तर बँक 42 लाख द्यायला तयार होती, भविष्य निर्वाह निधीतले आठ. सगळे मिळून 50.

काका पलीकडे पेपर वाचत होते. तारनाक्यातल्याच भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेच्या भांडार-खरेदी विभागातून ते निवृत्त झाले होते. आयुष्यभर त्यांनी निविदा उघडल्या. त्यांनी पेपर खाली ठेवला.

"तुझी परीक्षा झाली. आता त्यांची घेऊ."

"काका, माझ्यासारखीनं त्यांची काय परीक्षा घ्यायची?"

"घर कोणाचं तारण पडणार आहे?"

ती काही बोलली नाही. काकांनी जुनी वही काढली आणि मधोमध उभी रेघ मारली. सरकारी खरेदीत मोठ्या वस्तूसाठी दोन लिफाफे मागवतात, ते सांगू लागले. एकात माल कसा आहे ते, दुसऱ्यात दर. पहिला आधी उघडायचा. त्यात जो नापास, त्याचा दराचा लिफाफा उघडायचाच नाही, मग तो फुकट का देत असेना. "सल्लागारानं तुला दुसरा लिफाफा आधी दाखवला. तोही अर्धाच."

पहिल्या लिफाफ्यात काय पाहायचं, हे हैदराबादला फार महागात शिकावं लागलं आहे. जानेवारी 2011 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ट्राय-व्हॅली विद्यापीठावर छापा पडला. दीड हजारांवर विद्यार्थी, बहुतेक भारतीय, त्यांतही त्या वेळच्या आंध्र प्रदेशातले सर्वांत जास्त. निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांचा पत्ता सनीव्हेलमधला एकच फ्लॅट होता. काही मुलांच्या घोट्याला रेडिओ-पट्टे बांधले गेले आणि भारत सरकारनं त्याचा निषेध केला. त्या विद्यापीठाला विद्यार्थी-व्हिसासाठी लागणारा आय-20 द्यायची सरकारी परवानगी होती, म्हणजे नुसता तो शिक्का पुरला नाही. 2019 मध्ये मिशिगनच्या फार्मिंग्टन प्रकरणात तर विद्यापीठ अमेरिकी सरकारनंच सापळा म्हणून उभारलेलं निघालं. मान्यतेच्या यादीत नाव होतं, संकेतस्थळ होतं. वर्ग नव्हते आणि शिक्षकही नव्हते. पकडलेली मुलं जवळजवळ सगळी भारतीय. त्यांतल्या काहींना ठाऊक होतं, काहींना नव्हतं. ज्यांना नव्हतं, त्यांच्या आईबापांचा विचार मनात आला की मला अजूनही अस्वस्थ व्हायला होतं.

म्हणून काकांनी वहीत प्रश्न लिहिले ते असे. अमेरिकी शिक्षण खात्याच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत नाव आहे का, ते स्वतः टाकून पाहायचं. शिकवतं कोण? नावं हवीत, वेळापत्रक हवं. आणि खाली, जरा विचार करून: आपण पत्र लिहिलं तर उत्तर कोण देतं?

मान्यतेच्या यादीत खासगी विद्यापीठाचं नाव सापडलं. भाची खूश झाली. पण विभागाच्या पानावर एकाही प्राध्यापकाचं नाव नव्हतं. तिनं अभ्यासक्रमाविषयी तीन ओळींचं पत्र पाठवलं. दोन तासांत उत्तर आलं: प्रवेश अधिकाऱ्याचं, पैसे भरायच्या तारखेची आठवण करून देणारं.

मग दोघं नकाशा घेऊन बसले. मिसुरीतलं वॉरेन्सबर्ग, टेक्सासमधली किंग्जव्हिल, विचिटा फॉल्स. सरकारी विद्यापीठांची छोटी गावं, शोधावी लागणारी. तिचा चेहरा उतरला. "नांदेडला सांगितलं तर कुणाला नावही माहीत नसेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका तिला उस्मानियात फिरायला घेऊन गेले. आर्ट्स कॉलेजच्या दगडी कमानीसमोर थांबून म्हणाले, "1938 साली वंदे मातरम् म्हटलं म्हणून या विद्यापीठातून मुलांना काढलं. निजामाच्या राज्यात यापेक्षा मोठं नाव नव्हतं. नागपूर विद्यापीठानं त्यांना घेतलं. पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच." एवढंच बोलून ते पुढे चालू लागले.

तिनं सहा ठिकाणी पत्रं लिहिली. दोन ठिकाणांहून उत्तर आलं नाही, दोघांनी 300 च्या खाली घेत नाही म्हणून कळवलं, एकानं फॉर्म भरा म्हटलं. टेक्सासमधल्या एका सरकारी विद्यापीठाचं उत्तर नवव्या दिवशी आलं, एका प्राध्यापकाचं. तुमच्या गुणपत्रकांत डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स दिसत नाही, ऑटोमाटाही नाही. प्रवेश मिळाला तर हे दोन विषय आधी पुरे करावे लागतील, त्यांची फी वेगळी. तिसऱ्या सत्रात गुण का घसरले?

वाचता वाचता तिचे डोळे भरले. "यांनाही मी कमीच वाटले."

काकांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून जवळजवळ ओरडलेच, "अगं, यांनी हिची गुणपत्रकं वाचली!"

तिसऱ्या सत्रात तिची आई आजारी होती. तसं तिनं लिहिलं, प्रथमच कुणाला तरी. महिन्याभरानं प्रवेश आला आणि सोबत 1,000 डॉलरची स्पर्धात्मक शिष्यवृत्ती. टेक्सासच्या कायद्यात अशी किमान 1,000 डॉलरची शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या बाहेरच्या विद्यार्थ्याला राज्यातल्या मुलांच्या दरानं फी लावता येते, आणि तिला तशी सवलत मिळाल्याचं पत्रात लिहिलं होतं. आकडा लहान, पण त्यानं दाराची रुंदी बदलली.

आता दुसरा लिफाफा. डॉलर तेव्हा 83 रुपयांच्या आसपास होता. खासगी विद्यापीठाचं काका मांडायला तयारच नव्हते, नापासाचा दर कशाला. पण भाचीनं हट्ट धरला, तिला आकडा डोळ्यांनी पाहायचा होता. राहण्याखाण्यासह वर्षाला 44,000, सूट 5,000, दोन वर्षांचे 78,000 डॉलर. पावणेपासष्ट लाख. सल्लागाराला फोनवर विचारलं तर म्हणाला, पहिल्या वर्षाचे दाखवा, पुढचं काम करून निघतं. काकांनी वहीत टिपलं: विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास काम, तेही विद्यापीठाच्या आवारात. त्यातून फी निघत नाही.

टेक्सासच्या रकान्यात त्यांनी वर्षाला फी 9,000, राहणं 12,000 धरलं. दोन वर्षांचे 42,000. भाची वाकून पाहत होती.

"काका, आरोग्य विमा राहिला. वर्षाला 2,500. आणि ते दोन विषय, त्यांचे 2,500."

काकांनी पेन तिच्या हातात दिलं. बेरीज तिनं केली: 49,500 डॉलर, 41 लाखांच्या थोडी वर. विमानभाडं, व्हिसाचे 185 आणि सेव्हिसचे 350 डॉलर वेगळे लिहून ठेवले. तक्त्याचा फोटो काढून नांदेडला पाठवला.

वडील शाळेतून घरी आल्यावर उत्तर आलं. आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासलेला माणूस. त्यांनी शाबासकी लिहिली नाही, एकच प्रश्न लिहिला: "हे 1,000 डॉलर दुसऱ्या वर्षी नाही मिळाले तर?"

काका गप्प झाले. त्यांना सुचलं नव्हतं. मावशी म्हणाली, "आता राहू द्या, उद्या बघा." पण भाची उठली नाही. बाहेरच्या दराची फी काढली, फरक काढला, 7,400 डॉलर. एकूण 56,900, सव्वासत्तेचाळीस लाख. विमानभाडं, व्हिसा धरून 50 च्या आत बसत होतं, फारशी मोकळीक न ठेवता. मग तिनं त्या प्राध्यापकांना आणखी एक पत्र लिहिलं: शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी टिकवायला किती गुण राखावे लागतील?

काकांच्या तक्त्याखाली, सवयीनं, तीन रिकाम्या ओळी होत्या: तयार करणारा, तपासणारा, मंजुरी. पहिलीवर काकांनी सही केली. दुसरीवर वडिलांचं नाव तिनं स्वतः घातलं. तिसरीपाशी तिचा हात क्षणभर थांबला. तिनं वरच्या आकड्यांवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं, 49,500 खोडून 56,900 लिहिलं आणि मग सही केली.