कर्तृत्व कोणाचे?

शाळेच्या संघाचा जी कन्या आधारस्तंभ होती, तीच महाविद्यालयाच्या संघात गेल्यावर अर्धा सामना बाकावर बसून पाहते. तेव्हा तिच्या मनात प्रश्न उठतो : "मी तीच, माझे हात तेच, मग माझे कर्तृत्व गेले कोठे?" हा प्रश्न केवळ क्रीडांगणापुरता नाही. गावात मान्यता पावलेला मनुष्य मोठ्या नगरात गेला की त्यालाही हाच प्रश्न छळतो.

भिलईचे उदाहरण घ्यावे. तेथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली आणि तिच्या आश्रयाने सर्व प्रांतांतील कुटुंबे तेथे वसली. याच नगरात प्रशिक्षक राजेश पटेल यांनी २०१८ साली देह ठेवीपर्यंत सामान्य घरांतील मुलींना बास्केटबॉल शिकविले. त्यांच्या शिष्यांतून भारतीय संघाच्या खेळाडू निघाल्या. तेथेच तयार झालेल्या कविता अकुला हिला अमेरिकेतील ग्रँड कॅन्यन विद्यापीठाची क्रीडा-शिष्यवृत्ती मिळाली. तेथील महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या प्रथम श्रेणीत असा मान मिळविणारी ती पहिली भारतीय युवती होय.

असे यश कोणाचे म्हणावे? गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करणे, विविध चेष्टा आणि पाचवे दैव. अधिष्ठान म्हणजे शरीर, असा शंकराचार्यांचा अर्थ. लोकमान्य टिळक ते स्थान असे घेतात. चेंडू दहा फूट उंचीवरील कड्यातून जाळीत पडतो, तेव्हा ही पाचही कारणे एकत्र आलेली असतात. भिलईचे मैदान, गुरूंची शिस्त, सखीने योग्य क्षणी दिलेला चेंडू, स्वतःचे अनेक वर्षांचे श्रम आणि अनुकूल दैव, यांपैकी एक जरी उणे असते, तरी तो गुण मिळाला नसता. जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो त्याला यथार्थ दिसत नाही, असे भगवंत पुढे स्पष्ट सांगतात.

येथे कोणी म्हणेल, "मग श्रम तरी कशाला करावेत?" ही शंका योग्य नव्हे. पाच कारणांत कर्ता आहे, चेष्टाही आहे. त्यांना भगवंतांनी वगळलेले नाही. वगळावयाचा आहे तो केवळ 'मीच केले' हा अभिमान. शाळेत ज्या कन्येने तो धरला नाही, तिला महाविद्यालयातील बाक अपमानाचा वाटत नाही. स्थान बदलले, सहकारी बदलले, म्हणून फळही बदलले, हे ती जाणते, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा सरावास उभी राहते.

खरी परीक्षा मात्र मातापित्यांची असते. विजयाच्या दिवशी "आमची मुलगी" म्हणून मिरविणारे पुष्कळ आढळतात. तीच बाकावर बसली की "खेळ पुरे, आता लग्नाचे पाहू" असे म्हणणारेही तेच असतात. मुलीच्या कर्मफलावर आपला अधिकार सांगणे हीसुद्धा आसक्तीच होय. ती वात्सल्याचे वस्त्र पांघरून येते, म्हणून ओळखू येत नाही. मुलगी दूरच्या वसतिगृहातून बोलते, तेव्हा "किती गुण मिळविलेस?" हा प्रश्न गृहस्थाने मागे ठेवावा. "आज काय शिकलीस, कोणाला साहाय्य केलेस?" असे विचारावे. एवढ्यानेही तिचा भार पुष्कळ हलका होईल, आणि विचारणाऱ्याचाही.