सज्जतेचा परिग्रह

माझ्या लहानपणीं गांवच्या घरांत रात्रीचीं जेवणें आटोपलीं कीं आजी ओसरीवरच्या कंदिलाची वात बारीक करीत असे. कंदील ती मालवीत नसे. अपरात्रीं कोणास उठावें लागलें तर वात वर करावयास क्षणाचाहि विलंब लागत नसे. गरज नाहीं तेथें तेल जाळूं नये, आणि गरज पडेल तेव्हां अंधारांत चांचपडावें लागूं नये, या दोन्ही गोष्टी ती कंदिलाची चावी किंचित् फिरवून साधीत असे. पन्नाशी उलटल्यावर, एका सभेंत माझ्या हातून झालेल्या चुकीमुळें, मला ही आठवण पुन्हां झाली.

आमच्या महाविद्यालयांतील संगणकांच्या जाळ्याची व्यवस्था पाहणाऱ्या एका तरुण सहकाऱ्यानें त्या सभेंत सूचना मांडली, कीं रात्रीं अकरापासून पहांटे पांचपर्यंत वर्गांतील व प्रयोगशाळांतील स्विच निजवावे, आणि चार सर्व्हरांवर विखुरलेलें काम एकावर आणून बाकीचे बंद ठेवावे. मीं उभें राहून विरोध केला. "रात्रीं दोन वाजतां एखादा संदर्भ पाहावासा वाटला तर?" असा माझा प्रश्न होता. सूचना बारगळली. घरीं परततांना मनांत आलें, कीं गेल्या दहा वर्षांत रात्रीं दोन वाजतां मीं एकहि संदर्भ पाहिलेला नाहीं!

चार यंत्रें रात्रभर जागीं राहिलीं तर त्यांत नीतीचा प्रश्न कोठें आला, असें कोणी विचारील. दिवा जळतांना दिसतो, नळ वाहतांना ऐकूं येतो. जाळ्यांतील व्यय मात्र कोणत्याच इंद्रियाला जाणवत नाहीं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणें २०२४ सालीं जगांतील डेटा सेंटरांनीं सुमारें ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. जगांत एकूण वापरल्या जाणाऱ्या विजेचा हा सुमारें दीड टक्का होय. हा आंकडा मोठा कीं लहान याविषयीं वाद घालतां येईल. मला बोंचते ती गोष्ट निराळीच आहे. २००७ सालीं बारोसो आणि होल्झल या दोन अभियंत्यांनीं दाखवून दिलें, कीं सर्व्हर बहुतेक वेळ आपल्या शक्तीच्या दहा ते पन्नास टक्केच काम करीत असतात, आणि कांहींच काम नसतांनाहि त्या काळचा चांगल्यांतला चांगला सर्व्हर ऐन कामाच्या वेळच्या जवळजवळ निम्मी वीज खात असे. म्हणजे ही वीज केवळ कामासाठीं जात नाहीं. तिचा मोठा वांटा 'हुकूम झालाच तर' या तयारीपायीं जातो.

योगसूत्रांतील यमांमध्यें अपरिग्रहाची गणना आहे. धान्याचा, वस्त्रांचा, द्रव्याचा परिग्रह आपण ओळखतों. सज्जतेचाहि परिग्रह असूं शकतो, हें मला त्या सभेनंतर उमगलें. मी संदर्भ पाहत नव्हतों. तो पाहतां येण्याची शक्यता तेवढी सांठवून ठेवीत होतों. आपल्या देशांतील बहुतेक वीज आजहि कोळशापासून होते. तेव्हां माझ्या त्या सांठ्याचें भाडें कोणत्या तरी खाणीजवळच्या वस्तीचीं फुप्फुसें भरीत होतीं.

यावर आक्षेप असा, कीं तहान लागल्यावर विहीर खणण्यांत शहाणपण नाहीं. तो खरा आहे. रुग्णालयाचें वा अग्निशामक दलाचें जाळें अष्टौप्रहर जागेंच असावें. तेथील सज्जता हें कर्तव्य आहे. परंतु ज्याच्या थांबण्यानें कोणाचा प्राण जातो तें काम, आणि ज्याच्या थांबण्यानें केवळ आमचा धीर सुटतो तें काम, यांस एकाच तराजूंत घालणें हा अविवेक होय.

उपाय नाहींत असें नाहीं. जाळ्यांतील यंत्रें रिकामपणीं निजवितां येतील काय, हा प्रश्न मारुती गुप्ता व सुरेश सिंग यांनीं २००३ सालींच विचारला. २०१० सालीं इथरनेटसाठीं असें मानक ठरलें, कीं तारेंतून कांहीं जात नसेल तेव्हां तिच्या दोन्ही टोंकांनीं अल्प विजेवर विसावावें आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनहि कमी वेळांत जागें व्हावें. आजीची बारीक केलेली वात ती हीच! २०२० सालीं गूगलनें निकडीचीं नसलेलीं कामें ऊन-वाऱ्याची वीज मुबलक असेल अशा वेळेकडे सरकविण्यास आरंभ केला. तरीहि पुष्कळ ठिकाणीं किंचित् विलंबाच्या भीतीनें असल्या सोयी बंद ठेवितात. कारण उघड आहे. जाळें एक घटका बंद पडलें तर व्यवस्थापकास दहाजण जाब विचारतात. दहा वर्षें वीज वायां गेली तरी एकहि विचारीत नाहीं. आपण जें मागतों तेंच तो पुरवितो.

म्हणून यंत्र सुधारलें कीं आपलें काम संपलें, असें मला वाटत नाहीं. १८६५ सालीं इंग्लंडांतील अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स यांनीं दाखविलें, कीं वाफेचें यंत्र काटकसरी झाल्यावर कोळसा कमी न लागतां उलट अधिक लागूं लागला. स्वस्त झालेली शक्ति माणसांनीं अधिक ठिकाणीं जुंपली. यंत्राची काटकसर मागणीला बांध घालीत नाहीं. तो बांध मागणाऱ्यानेंच घालावयाचा असतो, आणि त्याचें पहिलें रूप अगदीं साधें आहे: "हें थांबूं शकेल काय?" हा प्रश्न स्वतःस विचारणें.

माझा एकट्याचा वांटा नगण्य आहे, हें मी जाणतों. पण सभेंतलें माझें मत नगण्य नव्हतें. त्यानें एक चांगली गोष्ट अडली. पुढील सभेंत तीच सूचना मी स्वतः मांडणार आहें, आणि त्या तरुण सहकाऱ्याची क्षमाहि मागणार आहें. रात्रीं दोन वाजतां एखादा संदर्भ आठवलाच, तर तो कागदावर टिपून ठेवीन. पहांटे पांचला जाळें जागें होईल. तोंवर मला झोंपण्यास कोणाची हरकत नसावी.