जिवात जीव यावा म्हणून



सुटीवर निघण्याच्या आदल्या सकाळी आमच्या घरी धुणीभांडी करावयास येणाऱ्या बाईने मला एक साधा प्रश्न विचारला. तो प्रश्न मी कोकणच्या किनाऱ्यापर्यंत नेला आणि तसाच परत आणला. आज तो आपल्यापुढे ठेवीत आहे.

बंगळुरूच्या दक्षिणेस, होसूर रस्त्यावर, बोम्मसंद्रा नावाची औद्योगिक वसाहत आहे. माझे पती तेथील एका कारखान्यात नोकरीस असल्यामुळे पुष्कळ वर्षे आमचे बिऱ्हाड तेथेच आहे. कारखान्यांच्या पाळ्या रात्रंदिवस चालतात. ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोची पिवळी मार्गिका बोम्मसंद्र्यापर्यंत आली, तेव्हापासून वर्दळ आणखी वाढली आहे. त्यातून आठ दिवस दूर जावे, मराठी बोल कानावर पडावेत, समुद्र पाहावा, असे आम्हा उभयतांना वाटले. नाताळची धावपळ संपल्यावर जानेवारीत जाण्याचे ठरले. तेव्हा ती बाई अर्ध्या कन्नडमध्ये, अर्ध्या हिंदीत म्हणाली, "अम्मा, तुम्ही आठ दिवस नाही. माझे आठ दिवसांचे पैसे कापणार का?"

खरे सांगावयाचे तर पूर्वी मी ते कापीत असे. काम नाही तर दाम नाही, हा हिशेब मला सरळ वाटे. आमची सुटी म्हणजे तिची खाडा झालेली मजुरी, हे माझ्या ध्यानीही आले नव्हते. त्या सकाळी "परत आल्यावर बघू" असे म्हणून मी वेळ मारून नेली.

रात्रीच्या बसने बेळगाव, तेथून आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडी, कुडाळ, मालवण, असे करीत आम्ही देवबागला पोहोचलो. एका बाजूस कर्ली नदी, दुसऱ्या बाजूस अरबी समुद्र आणि मध्ये माडांनी भरलेली जमिनीची चिंचोळी पट्टी, असे ते गाव आहे. सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ मध्ये घोषित झाला. त्यानंतर या किनाऱ्यावरील कितीतरी घरांनी आपल्या एक-दोन खोल्या पाहुण्यांसाठी उघडल्या. आमची खोलीही अशीच होती. चिऱ्याच्या भिंती, वर कौले, एक पंखा, दोन खाटा. न्हाणीघरात नळाला गरम पाणी नाही. ते मागील दारच्या चुलीवरून बादलीने आणून दिले जाई. पायऱ्या उतरल्या की वाळू, आणि वाळूपलीकडे समुद्र.

पहिल्या दिवशी मला या साधेपणाचा थोडा अभिमानच वाटला. मोठ्या हॉटेलात पैसा न उधळता आपण साधे राहत आहोत, ख्रिस्ती मनुष्याला हेच शोभते, असे मी पतीस म्हणालेही. दुसऱ्या दिवसापासून मात्र माझी दृष्टी मागील दाराकडे वळू लागली.

घरची वहिनी पहाटे चार वाजता उठे. प्रथम चूल पेटवून पाणी तापवी. मग घावणे, चहा. नऊच्या सुमारास ती मासळी आणावयास जाई. दुपारी तीन खोल्यांतील दहाबारा माणसांचे जेवण, चादरींचे धुणे, संध्याकाळचा चहा, पुन्हा रात्रीचे जेवण. पाहुणे किल्ला पाहून, होडीतून फिरून उशिरा येत. त्यांच्यासाठी माशांची आमटी पुन्हा गरम करावी लागे. मी खोलीत दिवा मालवी तेव्हा तिच्या भांड्यांचा आवाज ऐकू येत असे. मी जागी होई तेव्हाही तोच आवाज कानी पडे.

एके सकाळी मी तिला विचारले, "वहिनी, तुम्हाला विसावा केव्हा मिळतो?" ती हसून म्हणाली, "पाऊस लागलो की." पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद, पाहुणे नाहीत. म्हणजे वर्षातील आठ महिने तिच्या आठवड्याला सातवा दिवसच नव्हता.

तेव्हा माझ्या ध्यानात आले की, ज्याला आपण साधी राहणी म्हणतो ती पाहुण्यासाठी साधी असते. मोठ्या हॉटेलात काम पाळ्यांत वाटलेले असते आणि नोकराची साप्ताहिक सुटी निदान कागदावर तरी लिहिलेली असते. येथे चूल एक, स्त्रीही एकच. माझ्या स्वस्त विसाव्याची उरलेली किंमत तिच्या झोपेतून वसूल होत होती.

वाचकहो, माझा व्यवसाय शब्दांचा आहे. पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम करिताना एकेका शब्दापाशी कित्येक दिवस अडून राहावे लागते. असाच एक शब्द निर्गम २३:१२ येथे आहे. सहा दिवस काम करावे व सातव्या दिवशी थांबावे, अशी तेथे आज्ञा आहे. थांबण्याचे कारणही तेथेच सांगितले आहे: बैलाला व गाढवाला विसावा मिळावा आणि दासीचा मुलगा व उपरी यांना "नाफाश" घडावे. हिब्रू भाषेत "नेफेश" म्हणजे जीव, श्वास, कंठ. त्यावरून आलेले हे क्रियापद संपूर्ण जुन्या करारात केवळ तीन वेळा येते. दुसरे स्थळ निर्गम ३१:१७. तेथे आकाश व पृथ्वी निर्माण करून सातव्या दिवशी थांबलेल्या खुद्द परमेश्वराविषयी ते वापरले आहे. तिसरे स्थळ २ शमुवेल १६:१४. तेथे पुत्राच्या बंडामुळे पळून जाणारा, शिव्याशाप खाल्लेला, थकलेला दावीद राजा आहे.

परमेश्वर, परागंदा राजा आणि दासीचा मुलगा, या तिघांसाठी एकच शब्द! मराठीत त्याला काय म्हणावे? "ताजेतवाने होणे" हे मला नेहमीच अपुरे वाटत आले आहे. आपल्या आजीच्या तोंडी याहून चांगला शब्दप्रयोग होता. उन्हातून आलेला मनुष्य ओसरीवर टेकतो, तांब्याभर पाणी पितो आणि म्हणतो, "आता कुठे जिवात जीव आला." नाफाश म्हणजे हेच होय. दासीच्या मुलाच्या जिवात जीव यावा म्हणून धन्याने आपले काम थांबवावयाचे आहे.

आपण विसावा हा आपला हक्क समजतो. शास्त्रात मात्र ही आज्ञा प्रथम धन्याला आहे; दुसऱ्याला विसावा देणे हा तिचा अर्धा भाग आहे. अनुवाद ५:१४ मध्ये दास व दासी यांनी "तुझ्याप्रमाणे" विसावा घ्यावा असे कारण दिले असून, लागलीच पुढे मिसर देशातील दास्याची आठवण करून दिली आहे. ज्याला सुटका मिळाली त्याने दुसऱ्याच्या मानेवर जू ठेवून स्वतःचा शब्बाथ पाळू नये, असा त्याचा भाव आहे.

त्या यादीत मुलगा आहे, मुलगी आहे, दास, दासी, गुरे, वेशीच्या आतला उपरी, सर्व आहेत. पत्नीचा उल्लेख मात्र नाही. "तू" या शब्दात तिचा समावेश आहे, असे विद्वान सांगतात. तसे असेलही. परंतु घरोघरच्या चुलींना ते विद्वानांचे मत कळलेले दिसत नाही. मम्रेच्या एलोन झाडांजवळ अब्राहामाने तीन पाहुण्यांचे स्वागत केले, त्याची आपण वाखाणणी करितो. भर दुपारी तीन मापे सपीठ मळून भाकरी करावयास कोणाला सांगण्यात आले, हे उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात पुन्हा एकदा वाचून पाहावे.

याच सुमारास माझ्या भाच्याने परदेशातून आपल्या सुटीची छायाचित्रे पाठविली. तो जमैका बेटावर समुद्रकाठच्या एका साध्या निवासात राहिला होता. निळे पाणी, पांढरी वाळू, दोन झाडांमध्ये बांधलेली झोळी. छायाचित्रांत त्याच्याखेरीज एकही मनुष्य नव्हता. अंथरूण कोणी घातले, मासा कोणी तळला, हे कोठेच दिसत नव्हते. जगाच्या दृष्टीने कॅरिबियन बेटे म्हणजे विसाव्याचे मूर्तिमंत चित्र होय. परंतु हीच बेटे शतकानुशतके उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या आफ्रिकन गुलामांची होती. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३३ मध्ये झाला आणि १ ऑगस्ट १८३४ पासून अमलात आला. त्यापूर्वी, १८०७ मध्ये, या बेटांवरील गुलामांसाठी लंडनमध्ये पवित्र शास्त्राची एक निवडक आवृत्ती छापण्यात आली. तिच्यातून इस्राएल लोकांच्या मिसरातील सुटकेची कथा वगळलेली होती. तिची एक प्रत अमेरिकेतील फिस्क विद्यापीठात आहे. धन्याचे विश्वासू सेवक व्हा, हे सांगावयाचे. तुम्हीही मोकळे होऊ शकता, हे मात्र सांगावयाचे नाही!

भाषांतर करणाऱ्या माणसाला याची लाज वाटल्यावाचून राहत नाही. पण मग मी स्वतःला विचारले, आपणही आपल्या परीने तेच करीत नाही काय? शब्बाथाची आज्ञा आपण वाचतो आणि दासी व उपरी यांचा भाग मनातल्या मनात गाळतो. आपल्याला रविवार जणू आपोआप मिळालेला वाटतो. परंतु मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी १८९० मध्ये मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी कित्येक वर्षे केलेल्या चळवळीनंतर. पुढे १९४८ च्या कारखाना अधिनियमाने साप्ताहिक सुटी व आठवड्यास ४८ तासांची मर्यादा देशभर घातली. माझ्या पतीला आठवड्याची सुटी मिळते ती या परंपरेमुळे. पण कारखान्यासाठी केलेला तो कायदा मागील दारच्या चुलीपर्यंत पोहोचला नाही. आणि जेथे कायदा पोहोचत नाही तेथे केवळ सदसद्विवेक उरतो.

कोणी म्हणेल, "आपण पैसे मोजतो. पाहुणे आले नाहीत तर त्या वहिनीने खावे काय?" हा आक्षेप योग्य आहे. आम्ही घरी बसलो असतो तर तिला विसावा नव्हे, चिंता मिळाली असती. सुटी घेणे पाप नव्हे, आणि तिचे काम हीन तर मुळीच नव्हे. तिच्या हातचे तिखले खाऊन मी देवाचे आभार मानले आहेत. पण पैशाने आपण काम विकत घेतो. त्या माणसाचा सातवा दिवसही त्याच पैशात आला, असे समजण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

रविवारी आम्ही तिला सांगितले, "आज आमच्यासाठी दुपारी काही करू नका. पैसे नेहमीप्रमाणेच घ्या. सकाळची पेज आहे, ती पुरे." तिचा चेहरा उतरला. "जेवणात काय कमी पडला काय?" असे तिने विचारले. माझ्या सद्भावनेचा तिला अपमान वाटला होता! किती समजाविले तरी तिला पटेना. मला आठ दिवसांत पुण्यवान व्हावयाचे होते. तिला मात्र तेथे वर्षभर आपल्या घराचा लौकिक सांभाळावयाचा होता. दान देणाऱ्याच्या मनातही एक धनी बसलेला असतो, हे मला त्या क्षणी उमजले. शेवटी मी म्हणाले, "वहिनी, आमच्यात रविवारी चूल कमी पेटवितात. आमचा नेम मोडू नका." हेही पूर्ण खरे नव्हते, माझ्या घरी रविवारीच अधिक स्वयंपाक असतो. देवाने क्षमा करावी. पण "नेम" हा शब्द तिला कळला आणि ती राजी झाली. इतर खोल्यांतील मंडळी त्या दुपारी मालवणास गेली होती.

तिने आमच्याबरोबर पेज घेतली. मग ती समुद्राकडे पाहत बसेल, असे मला वाटले होते. तसे काही झाले नाही. ती पडवीत चटई टाकून झोपली. चांगली दोन तास झोपली. अंगणात सुकत घातलेल्या मासळीवर कावळे येत होते. हातात काठी घेऊन मी राखण करीत बसले. समुद्र माझ्या पाठीमागे होता; त्या दुपारी मी तो पाहिला नाही. आठ दिवसांच्या सुटीत माझ्याही जिवात जीव आला तो त्या दोन तासांत.

एका दुपारने तिचे आयुष्य बदलले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे चार वाजता चूल पेटलीच. मी हे सांगत आहे ते स्वतःच्या थोरवीसाठी नव्हे. उलट, आपल्या हातून होण्यासारखे किती थोडे असते आणि तेही आपण किती क्वचित करितो, हे कळावे म्हणून. उशिरा येणार असू तर तसे आधी कळविणे, आपले पाणी आपण आणणे, ताट आपण उचलणे, दर ठरविताना शेवटच्या शंभर रुपयांसाठी घासाघीस न करणे, यांस पैसा फारसा लागत नाही. लागते ती मागील दाराकडे पाहण्याची सवय.

आणि ते मागील दार केवळ समुद्रकाठी नसते. बोम्मसंद्र्यास परतल्यावर दुसऱ्या सकाळी ती बाई आली. तिने प्रश्न पुन्हा विचारला नाही. पदर खोचून सरळ भांड्यांपाशी बसली. मी तिला पूर्ण महिन्याचे पैसे दिले आणि म्हणाले, "यापुढे रविवारी येऊ नकोस. पैसे तेवढेच मिळतील." तिने नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि विचारले, "मग रविवारची भांडी कोण घासणार, अम्मा?"

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर आमच्या घरी आता दर रविवारी उपासनेहून परतल्यावर आम्ही उभयता देतो. आपल्या घरी ते कोण देते?