वर्षाची यादी



गेल्या जानेवारीत आम्ही वहीच्या मागच्या पानावर यादी केली. भुईगावच्या किनाऱ्यावर सायकलने जायचे, तुंगारेश्वरचा डोंगर चढायचा आणि आपल्या धर्मग्रामातील एका आजोबांना होडीने अर्नाळा किल्ल्यावर न्यायचे. त्यांची ती फार इच्छा होती. पहिल्या दोन गोष्टी झाल्या. तिसरी आम्ही ‘पावसाळ्यानंतर’ म्हणून ठेवली. ऑगस्टमध्ये आजोबांच्या अंत्यविधीची मिस्सा आम्हीच अर्पण केली.

१५२१ साली पॅम्प्लोनाच्या लढाईत पायाला तोफगोळा लागून संत इग्नेशियस लोयोला येथील घरी अंथरुणाला खिळले. पराक्रमाची स्वप्ने रंगवताना त्यांना आनंद होई, पण मागाहून मन कोरडे पडे. संतांच्या वाटेने जाण्याचा विचार केला की तो आनंद टिकून राही. या फरकातूनच ते देवाची प्रेरणा ओळखायला शिकले.

यादी करणे वाईट नाही. समुद्र आणि डोंगर ही देवाचीच देणगी आहे. पण लूकच्या शुभवर्तमानात माळी अंजिराच्या झाडासाठी आणखी एक वर्ष मागतो, ते फळासाठी. आणि झाड आपले फळ स्वतः खात नाही.

आपल्याही यादीत कुणीतरी वाट पाहत असेल. ती ओळ सर्वांत वर लिहू या. अबोला धरलेल्या भावाचे दार ठोठावणे हेही धाडसच आहे. त्यासाठी पावसाळा संपायची वाट पाहायला नको.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू