टाकलेलं कापड

गोधडीसाठी आईची जुनी लुगडी कापताना हात अडखळला. प्रेतावरचं कापड हा एकेकाळी महारांचा 'हक्क' समजला जाई. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी बायकांना जातीची ओळख सांगणारी लुगडं नेसण्याची पद्धत सोडायला सांगितली. आणि भगवंतांचे भिक्खू? तेही पांसुकूल, म्हणजे स्मशानात, उकिरड्यावर पडलेल्या चिंध्या धुऊन, जोडून चीवर करीत. मगधातल्या शेतांच्या बांधांसारखी त्याची आखणी आनंदांनी केली.

कापड तेच. पण भिक्खूंनी ते आपण होऊन घेतलं. आपल्या आज्या-पणज्यांना नाही म्हणायची सोय नव्हती.

परवा इथे लंडनला ओळखीच्या एका मराठी बाईंनी जुन्या कपड्यांची पिशवी पुढे केली. "तुम्हाला चालतात ना?" मी नको म्हटलं. आईच्या लुगड्यांना मात्र रोज धावदोरा घालतेय. त्या 'नको'त स्वाभिमान होता की अहंकार, हे अजून ठरत नाही.